ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस : गर्भारपणातील डेंग्यू आणि माता-बालकांची सुरक्षा

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांबरोबरच एखाद्या आरोग्यविषयाची सोप्या भाषेत माहिती द्यावी, असा आमच्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा विश्वस्त मंडळाने ‘गर्भारपणातील डेंग्यू’ हा विषय सुचविला. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत प्रसूती विभागात तापाने आजारी असलेल्या गर्भवती स्त्रिया दाखल होऊ लागतात, तेव्हा त्यांच्या नातेवाइकांकडून आम्हांस दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘प्लेटलेट किती आहेत?’ आणि दुसरा, ‘आता ताप उतरला आहे, तर घरी केव्हा सोडणार?’ दोन्ही प्रश्न मायेपोटी विचारलेले असतात. तथापि पहिल्या प्रश्नास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते आणि दुसऱ्या प्रश्नात मोठा धोका दडलेला असतो. तो कसा, हे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त या सर्वांना कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखन रुग्णालयाच्या प्रशासन विभागाचे असून आमचे स्वतःचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे. वैद्यकीय मजकूर आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांनी तपासून दिला आहे. लेखातील उदाहरणे केवळ विषय स्पष्ट व्हावा म्हणून घेतली असून ती कोणाही विशिष्ट रुग्णाची नाहीत. तसेच हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्यास पर्याय नव्हे, हेही आरंभीच नमूद करणे आवश्यक वाटते.

आजाराची ओळख

डेंग्यू हा विषाणूजन्य आजार असून त्याच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेल्यास त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. परंतु उरलेल्या तीन प्रकारांपासून मिळणारे संरक्षण अल्पकाळच टिकते. किंबहुना पुढे कधी दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाला, तर आजार गंभीर होण्याचा संभव वाढतो. ‘मला पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे, आता भीती नाही’ हा समज यास्तव चुकीचा ठरतो.

हा विषाणू ‘एडिस’ जातीच्या डासाची मादी पसरविते. अंगावर पांढरे पट्टे असलेला हा डास प्रामुख्याने दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या प्रहरी चावतो. त्याची पैदास गटारात नव्हे, तर घरातील व घराभोवतीच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात होते. डास चावल्यानंतर साधारणतः ४ ते १० दिवसांनी ताप सुरू होतो.

१९९६ साली दिल्लीत आलेल्या साथीने या आजाराकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले. त्या साथीत १० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि ४०० हून अधिक व्यक्ती दगावल्या. त्यानंतर हा आजार महानगरांपुरता राहिला नाही. जेथे पाणी रोज येत नाही आणि ते रांजणांत, पिंपांत व हौदांत साठवावे लागते, अशा लहान शहरांत व खेड्यांतही तो पोहोचला. २०२३ साली देशभरात सुमारे २ लाख ८९ हजार रुग्णांची अधिकृत नोंद झाली.

येथे एक दिलासाही देणे आम्हांस अगत्याचे वाटते. डेंग्यू झालेले बहुतांश रुग्ण विश्रांती, पुरेसे द्रवपदार्थ व देखरेख यांच्या बळावर पूर्ण बरे होतात. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीतही बहुतेकींचा आजार सुखरूप ओसरतो व त्यांना सुदृढ बाळे होतात. प्रश्न उरतो तो ज्या थोड्या स्त्रियांचा आजार गंभीर वळण घेतो त्यांचा, आणि ते वळण वेळीच ओळखण्याचा.

आजाराचे तीन टप्पे

डेंग्यूचा प्रवास तीन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा तापाचा. तो २ ते ७ दिवस राहतो. अंग, सांधे व डोळ्यांच्या मागील भाग दुखतो, अन्नावरची वासना जाते, मळमळ होते. दुसरा टप्पा धोक्याचा. तो सामान्यतः आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान, नेमका ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होतो व २४ ते ४८ तास टिकतो. तिसरा टप्पा सुधारणेचा.

इतर तापांत ताप उतरला म्हणजे आजार सरला, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. डेंग्यूत मात्र याच वेळी केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागू शकतात. रक्तातील पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, वाहिन्यांतून निसटून पोटाच्या व छातीच्या पोकळीत साचतो. वाहिन्यांत उरलेले रक्त घट्ट होते, नाडी जलद होते, हातपाय गार पडतात आणि मेंदू, मूत्रपिंड, गर्भाशय अशा अवयवांना होणारा रक्तपुरवठा घटतो. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलत असतो, कपाळ थंड असते. त्यामुळे घरच्यांना ती बरी वाटते. त्याच सायंकाळी ‘आमच्या जबाबदारीवर घरी नेतो’ असे लिहून देण्याची तयारी नातेवाईक दाखवितात. आमच्या डॉक्टरांना सर्वाधिक विनवण्या कराव्या लागतात, त्या याच वेळी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत धोक्याची काही चिन्हे निश्चित करून दिली आहेत. पोटात सतत व तीव्र दुखणे, वारंवार उलट्या होणे, नाकातून, हिरड्यांतून वा अन्यत्र रक्त येणे, ग्लानी किंवा बेचैनी, यकृताचा आकार वाढणे, शरीरात पाणी साचणे, तसेच रक्त घट्ट होत असताना प्लेटलेट वेगाने घटणे, ही ती चिन्हे होत. गर्भवतीच्या बाबतीत अंगावरून रक्त जाणे, अवेळी कळा येणे आणि बाळाची हालचाल मंदावणे यांकडेही क्षणभर दुर्लक्ष करून चालत नाही.

गर्भारपणी आजार ओळखणे अवघड का?

निसर्गाने गर्भवतीच्या शरीरात बाळासाठी मोठी तजवीज केलेली असते. गर्भारपणाच्या उत्तरार्धापर्यंत तिच्या रक्तद्रवाचे प्रमाण जवळजवळ ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. तांबड्या पेशी मात्र त्या मानाने कमी वाढतात. परिणामी तिचे रक्त मुळातच पातळ असते. नाडी एरवीपेक्षा जलद चालते, मधल्या महिन्यांत रक्तदाब काहीसा खाली येतो, प्लेटलेटची संख्या थोडी घटते आणि पांढऱ्या पेशी वाढतात. उलट्या तर अनेकींना गर्भारपणामुळेच होतात.

म्हणजे डेंग्यूत ज्या खुणा शोधायच्या, त्यांतील काही गर्भारपणी आधीपासूनच असतात, तर काही गर्भारपणामुळे झाकल्या जातात. वाढलेल्या रक्तद्रवाची शिल्लक हाताशी असल्याने गर्भवतीचे शरीर गळती बराच काळ सहन करते आणि रक्तदाब टिकवून धरते. तो एकदम खाली येतो, तेव्हा बरीच हानी होऊन गेलेली असते. शिवाय प्लेटलेट कमी होणे, यकृताच्या तपासण्या बिघडणे आणि पोटाच्या वरच्या भागात दुखणे ही लक्षणे गर्भारपणातील रक्तदाबाच्या एका गंभीर विकारातही आढळतात. दोहोंचे उपचार अगदी भिन्न असल्याने डॉक्टरांना हा भेद काळजीपूर्वक करावा लागतो.

एका उदाहरणाने ही अडचण अधिक स्पष्ट होईल. रक्त किती घट्ट आहे, हे ‘हिमॅटोक्रिट’ नावाच्या साध्या तपासणीवरून समजते. रक्ताच्या १०० भागांत तांबड्या पेशींचे किती भाग आहेत, तो हा आकडा. गर्भवती नसलेल्या स्त्रीमध्ये तो सामान्यतः ३६ ते ४६ च्या दरम्यान असतो. समजा, आठव्या महिन्यातील एका स्त्रीचा हा आकडा आजारापूर्वी ३३ होता आणि तापाच्या पाचव्या दिवशी तो ४० आला. प्रयोगशाळेच्या कागदावर ४० हा आकडा निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात त्यात २१ टक्के वाढ झालेली आहे, आणि २० टक्के वाढ ही रक्तद्रव झिरपत असल्याची मान्य खूण आहे.

आपल्या देशात या अडचणीला आणखी एक पदर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आहेत. अशा एखादीचे हिमोग्लोबिन साडेनऊ असते. डेंग्यूच्या पाचव्या दिवशी ते साडेअकरा येते. घरच्यांना वाटते, ‘बरे झाले, रक्त वाढले!’ वस्तुतः चार-पाच दिवसांत कोणाचेही रक्त असे वाढत नाही. पेशी आहेत तेवढ्याच आहेत; पाणी निसटल्यामुळे त्या दाट दिसू लागल्या आहेत. याउलट प्रकृती ढासळत असतानाच हा आकडा एकाएकी खाली आला, तर आत कोठे रक्तस्राव तर होत नाही ना, ही शंका घ्यावी लागते.

ताळेबंद वाचणाऱ्यांना हे तत्त्व नवे नाही. आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल, तर अखेरच्या शिल्लकेवरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही. म्हणूनच गर्भारपणात वेळोवेळी केलेल्या रक्ततपासण्यांचे कागद आणि माता व बाल संरक्षण कार्ड रुग्णालयात येताना सोबत आणावे, असा आमचा आग्रह असतो. तापाने फणफणलेल्या लेकीला वा सुनेला घेऊन निघताना कागद शोधण्याचे भान राहत नाही, हे आम्ही जाणतो. यासाठी ते एका पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवावी. त्या पिशवीतील एक जुना आकडा डॉक्टरांचा निर्णय बदलू शकतो.

तासातासाचा हिशोब

डेंग्यूच्या विषाणूस मारणारे खात्रीशीर औषध आजमितीस उपलब्ध नाही. उपचार आहेत ते शरीरातील द्रवाचा तोल सांभाळण्याचे. आणि हा तोल दोन्ही बाजूंनी ढळू शकतो. द्रव कमी पडले, तर रक्ताभिसरण कोलमडते व वारेकडे, म्हणजेच बाळाकडे जाणारे रक्त घटते. द्रव अधिक झाले, तर तेही घातकच. कारण ४८ तासांच्या आसपास झिरपणे थांबते आणि बाहेर साचलेले पाणी पुन्हा वाहिन्यांत परतू लागते. अशा वेळी शिरेतून सलाईन चालूच राहिले, तर ते फुप्फुसांत उतरून श्वास कोंडतो. वाढलेल्या गर्भाशयामुळे गर्भवतीच्या छातीला आधीच जागा कमी असते. ‘अशक्तपणा आहे, आणखी दोन बाटल्या लावा’ ही नातेवाइकांची विनंती डॉक्टर का नाकारतात, हे यावरून ध्यानात यावे.

यास्तव धोक्याच्या काळात रुग्णाच्या खाटेशी एक तक्ता ठेवला जातो. एका बाजूस जमा : तोंडाने घेतलेले पाणी, सरबत, पेज आणि शिरेतून दिलेले सलाईन. दुसऱ्या बाजूस खर्च : लघवी, उलट्या, रक्तस्राव. त्याखाली ठराविक अंतराने नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, हातापायांची ऊब आणि बाळाच्या हृदयाचे ठोके यांची नोंद. वरच्या व खालच्या रक्तदाबातील अंतर २० किंवा त्याहून कमी झाले, तर वरचा आकडा कितीही बरा दिसत असला तरी ती धोक्याची घंटा मानली जाते. लघवीचे प्रमाण साधारणतः दर किलो वजनामागे ताशी अर्धा मिलिलिटर तरी असावे लागते. म्हणजे ६० किलो वजनाच्या स्त्रीस ताशी ३० मिलिलिटर. मोजमापाचे साधे भांडे, भिंतीवरचे घड्याळ आणि रात्री तीन वाजताही तितक्याच दक्षतेने नोंद करणारी परिचारिका, एवढ्यावर हा उपचार उभा आहे. हिमॅटोक्रिटची तपासणीही दर काही तासांनी करावी लागते. एकाच दिवशी तीनदा-चारदा रक्त घेतल्याने नातेवाईक अस्वस्थ होतात, क्वचित रागावतातही. त्यांना आमची नम्र विनंती अशी की, प्रत्येक वेळी घेतलेले रक्त अगदी थोडे असते आणि एका तपासणीतून केवळ एक आकडा मिळतो. आजाराची दिशा समजते ती दोन आकड्यांमधील फरकावरून.

प्लेटलेटविषयी थोडेसे

प्लेटलेट रक्त गोठण्यास साहाय्य करतात आणि डेंग्यूत त्यांची संख्या घटते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. परंतु सर्व भीती त्या एका आकड्याभोवती गोळा झाली आहे. प्लेटलेट ४० हजारांवर येताच कुटुंब हवालदिल होते, अपरात्री रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवू लागते, दागिने गहाण ठेवण्याच्या गोष्टी निघतात. वास्तविक, रक्तस्राव होत नसेल तर केवळ आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट देण्याने लाभ होत नाही. सिंगापूर व मलेशियातील रुग्णालयांत प्लेटलेट २० हजार वा त्याहून कमी झालेल्या ३७२ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. प्रतिबंधक उपाय म्हणून प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट काही रुग्णांना त्यांचा उपद्रव झाला, असे त्यात आढळले. आजार ओसरू लागला की ही संख्या आपोआप वाढते.

गर्भवतीच्या बाबतीत मात्र एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो प्रसूतीचा. वार सुटल्यानंतर गर्भाशयाच्या आतील बाजूस एक मोठी जखमच राहते. त्या वेळी प्लेटलेट फार कमी असतील, तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. म्हणून प्रसूती किंवा शस्त्रक्रिया अटळ असल्यास प्लेटलेटची संख्या ५० हजारांच्या वर राखण्याचा प्रयत्न केला जातो व तशी तरतूद आधीच करून ठेवली जाते. ही तरतूद सोपी नसते. प्लेटलेट २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानात सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि सामान्यतः त्या ५ दिवसच टिकतात. त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. साथीच्या दिवसांत दाते पुढे आले, तरच त्या मिळतात.

प्रसूतीची वेळ कोणती?

धोक्याच्या टप्प्यात होणारी प्रसूती ही माता व बाळ दोघांसाठीही जोखमीची असते. त्यामुळे शक्य असेल तेथे हे दोन-तीन दिवस निभावून नेण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. कळा आणण्याचे उपाय वा आधीच ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. ‘बाळ तरी लवकर बाहेर काढा’ ही विनवणी अशा वेळी कानी येते आणि तिच्यामागील व्याकुळता आम्हांस कळते. परंतु झिरपणे थांबून प्लेटलेट वाढू लागेपर्यंत आईचे उदर हेच बाळासाठी अधिक सुरक्षित स्थान असते. कळा सुरूच झाल्या, तर नैसर्गिक प्रसूतीस प्राधान्य देण्यात येते. शस्त्रक्रिया करावी लागल्यास भूल कोणत्या प्रकारे द्यावी, याचाही निराळा विचार करावा लागतो. कारण प्लेटलेट कमी असताना पाठीच्या कण्यात सुई देणे धोक्याचे असते. अशा रुग्णासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ व रक्तपेढी या सर्वांचा समन्वय एकाच ठिकाणी साधला जाणे आवश्यक ठरते.

बाळावर होणारे परिणाम

आईच्या तीव्र तापामुळे बाळाच्या हृदयाचे ठोके वाढतात व अवेळी कळा सुरू होऊ शकतात. रक्ताभिसरण ढासळल्यास वारेतून बाळाला मिळणारा प्राणवायू घटतो. ब्राझीलमधील २००६ ते २०१२ या काळातील नोंदींच्या विस्तृत अभ्यासात असे दिसून आले की, गर्भारपणी लक्षणांसह डेंग्यू झालेल्या स्त्रियांमध्ये मूल पोटातच दगावण्याचा संभव सुमारे दुप्पट होता. आजार गंभीर झालेल्या स्त्रियांमध्ये तो सुमारे पाचपट होता. आजाराची तीव्रता रोखणे म्हणजेच बाळाला वाचविणे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. अपुऱ्या दिवसांची प्रसूती व बाळाचे कमी वजन यांविषयी निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

याच डासामुळे पसरणाऱ्या झिका विषाणूशी पुष्कळदा डेंग्यूची गल्लत होते. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला, तेव्हापासून गर्भवतींच्या मनात साहजिकच धास्ती आहे. झिकामुळे बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. डेंग्यूमुळे तसे ठरावीक जन्मजात व्यंग येते, असे सिद्ध झालेले नाही. केवळ डेंग्यू झाला म्हणून गर्भपात करून घ्यावा, असा विचार कोणीही मनात आणू नये.

प्रसूतीच्या सुमारास आई आजारी असेल, तर विषाणू वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतो. अशा बाळाला जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत ताप येणे, त्वचेवर लाल ठिपके उठणे, प्लेटलेट घटणे, दूध ओढण्यास टाळाटाळ अशी लक्षणे दिसू शकतात. जन्मतः बाळ ठणठणीत दिसले, तरी त्यास काही दिवस देखरेखीखाली ठेवण्याचा आग्रह बालरोगतज्ज्ञ धरतात, तो यासाठीच. आईचे दूध मात्र बंद करू नये. आईच्या दुधाचे लाभ निर्विवाद असून डेंग्यूच्या कारणास्तव बाळाला त्यापासून वंचित ठेवण्याची शिफारस कोणतीही अधिकृत मार्गदर्शिका करीत नाही.

आणखी एक बाब फारशी ठाऊक नसते. डेंग्यू होऊन गेलेल्या आईकडून बाळाला प्रतिपिंडे मिळतात आणि पहिले काही महिने ती त्याचे रक्षण करतात. पुढे ती क्षीण होत जातात. साधारणतः सहाव्या महिन्यानंतरच्या काळात, ती पुरी नाहीशी झालेली नसतानाच, बाळाला डेंग्यू झाला तर आजार उलट अधिक तीव्र होऊ शकतो. अशा बाळाच्या अंगावर पहिले वर्षभर दिवसाही मच्छरदाणी असणे हिताचे.

घरच्यांनी काय करावे?

गर्भवतीला ताप आल्यास तो अंगावर काढू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या पाच दिवसांत ‘एनएस-१’ आणि त्यानंतर ‘आयजीएम’ ही तपासणी उपयोगी पडते. शासनाने निश्चित केलेल्या रुग्णालयांस आयजीएम तपासणीचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून पुरविले जातात. तथापि तपासणीचा निष्कर्ष येईपर्यंत थांबू नये. देखरेख त्याआधीच सुरू व्हावयास हवी.

तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात केवळ पॅरासिटामॉल घ्यावे. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके रक्तस्राव वाढवू शकतात. ती स्वतःच्या मनाने कदापि घेऊ नयेत. पपईच्या पानांचा रस आवर्जून पाजला जातो. परंतु गर्भवतीसाठी तो सुरक्षित असल्याचे सिद्ध झालेले नाही. त्याऐवजी क्षारसंजीवनी, भाताची पेज, ताक, शहाळ्याचे पाणी थोडे थोडे देत राहावे. किती प्यायले व लघवी किती वेळा झाली, हे एका कागदावर लिहून ठेवावे. गर्भवतीने साधारणपणे सहा तासांत लघवी केली नसेल, तर तिला तडक रुग्णालयात आणावे. आणि ताप उतरला की, त्यापुढील दोन दिवस देखरेख दुप्पट करावी. औषधाविना ४८ तास ताप नसणे, भूक लागणे, लघवी नीट होणे, प्लेटलेट वाढू लागणे आणि सलाईनविना हिमॅटोक्रिट स्थिर राहणे, एवढ्या गोष्टी जुळून आल्यावरच घरी सोडण्याचा विचार केला जातो.

प्रतिबंधाची सूत्रे साधी आहेत. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून रांजण, पिंपे, हौद, कूलर, फ्रिजमागील तबक व कुंड्यांखालील ताटल्या रिकाम्या करून घासून पुसून घ्याव्यात. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्या स्थितीतही कित्येक महिने तग धरतात. हा डास फार दूर, सामान्यतः ४०० मीटरपलीकडे जात नाही. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच आळीत जन्मलेला असतो. डेंग्यूच्या काही लशी जगात उपलब्ध झाल्या आहेत व भारतीय लशीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीस ऑगस्ट २०२४ मध्ये प्रारंभ झाला. परंतु या लशींत क्षीण केलेले जिवंत विषाणू असल्याने त्या गर्भारपणी दिल्या जात नाहीत. गर्भवतीचे रक्षण तिच्या घराने आणि आळीनेच करावयाचे आहे.

देणगीदारांस निवेदन

सार्वजनिक न्यासाच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्यात, अशी महाराष्ट्रात योजना असून एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. ही तरतूद आम्ही कर्तव्यभावनेने पाळतो. तथापि डेंग्यूची साथ खाटांची टक्केवारी पाहून येत नाही. त्या दोन-तीन महिन्यांत पदरमोड करावी लागते, ती मुख्यत्वे मनुष्यबळावर.

आमचे देणगीदार उदार आहेत. यंत्रासाठी, खोलीसाठी, रुग्णवाहिकेसाठी देणगी द्यावी आणि त्यावर आई-वडिलांचे नाव असावे, ही भावना आम्हांस आदरणीय वाटते. आजवर रुग्णालय उभे राहिले ते त्याच भावनेवर. परंतु या लेखातील आजारात उपयोगी पडते ते रात्रपाळीस एक अधिक परिचारिका, रात्रभर उघडी असलेली लहानशी प्रयोगशाळा, रक्त किती घट्ट झाले हे काही मिनिटांत सांगणारे छोटे उपकरण आणि आपण होऊन पुढे येणारे रक्तदाते. यांपैकी रात्रपाळीवर नावाची पाटी लावता येत नाही. वर्षअखेर ताळेबंदात ती केवळ ‘वेतन व भत्ते’ या शीर्षाखालील वाढलेल्या खर्चाच्या रूपाने दिसते आणि चिकित्सक वाचक त्याविषयी आम्हांस स्पष्टीकरण विचारतात. ते स्पष्टीकरण या पृष्ठांतून सादर केले आहे.

रुग्णांच्या आप्तांनाही आमचे हेच मागणे आहे की, ताप उतरल्यानंतरचे ते दोन दिवस त्यांनी आम्हांस द्यावेत. त्या दोन दिवसांत बाहेरून पाहणाऱ्यास फारसे काही घडताना दिसत नाही. कोणी नाडी पाहते, कोणी भांड्यातील लघवी मोजते, कोणी बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त नेते, आणि तक्त्यावर आणखी एक ओळ वाढते. ज्या रात्री ‘काही घडले नाही’, तीच रात्र सार्थकी लागलेली असते.